मासे कोणत्या खणात?

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट आहे. सिंदेवाहीजवळच्या एका गावातल्या वाचनालयात उभे आहे. माझ्यात पुस्तके नाहीत, चोवीस खण आहेत आणि त्यांत कार्डे. कोणते पुस्तक कोणत्या फळीवर आहे, ते कार्ड सांगते. नवखे लोक मला जडीबुटीचे कपाट समजतात, तेव्हा माझे डोके फिरते.

१९८४ च्या उन्हाळ्यातल्या एका शनिवारी चंदाबाई आल्या. तलावातले मासे धरून पोट भरणाऱ्या ढिवर बाई.

"भाऊ, सोमवारी आमचा तलाव ठेकेदाराले देऊन राह्यले. साहेब म्हणते, हक्काचा कागद दाखवा. आमच्या बुढ्याच्या बुढ्यापासून आमीच मासे मारतो. पण कागद कुठी आहे?"

ग्रंथपाल श्रीहरीभाऊंनी माझा 'मासे' खण ओढला. काही नाही. 'तलाव' ओढला. तिथेही नाही. मी नुसते तळमळत होते.

भाऊ अडले की पुस्तक शोधत नाहीत, माणूस शोधतात. "बाई, हे लिहून ठेवाची गरज कोणाले पडली असन?"

"आमाले तं नाई. आमाले लिहिता कुठी येत होतं!"

"मंग इंग्रजाच्या काळात जमीन मोजाले आलेल्या साहेबाले! त्यानं गावातलं सारं लिहून नेलं असन."

त्यांनी 'जमीन' खण उघडला. कार्ड मिळाले: जुन्या मोजणीतले गावोगावचे हक्क. भाऊ फळीकडे धावले. जागा रिकामी! नोंदवहीत कोणी नेल्याची नोंदही नव्हती. मला सारे ठाऊक होते, पण लाकडाला तोंड कुठे?

भाऊंनी तोच प्रश्न पुन्हा स्वतःला विचारला. एवढ्या जाड, कोणी न मागितलेल्या पुस्तकाची गरज कोणाला पडली असेल? मग त्यांचा चेहरा उतरला आणि ते माझ्या पायाशी बसले. सुताराने काटकसर करून मला आंब्याचे पाय लावले होते. त्यातला एक वाळवीने खाल्ला, तेव्हा भाऊंनीच ते पुस्तक टेकू म्हणून त्या पायाखाली सरकवले होते.

दोघांनी मला उचलून ते बाहेर काढले. बरीच पाने वाळवीने खाल्लेली. चंदाबाईंच्या गावाचे पान मात्र शाबूत होते. भाऊंनी मोठ्याने वाचले, "गावच्या तलावात ढिवरांनी मासे धरावेत." चंदाबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि त्या रडू लागल्या. सोमवारी त्यांनी ते पान साहेबांपुढे ठेवले आणि तलाव ठेकेदाराला गेला नाही.

मित्रांनो, कोणी मागत नाही म्हणून पुस्तकाला टाकाऊ समजू नका. आता माझ्या पायाखाली वीट आहे, तरी मला चैन नाही. त्या पुस्तकातली अकरा गावांची पाने वाळवीने खाल्ली. त्या गावांची माणसे अजून यायची आहेत.