इस्त्री केलेला नकाशा

मी एक जुना नकाशा आहे. फार पुरातन वगैरे नाही, मित्रांनो. मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी टोकियोतल्या एका विद्यापीठाच्या छपाईयंत्रातून मी बाहेर पडलो. वीज वाचवायची म्हणून तेव्हा तिथल्या बोळातले निम्मे दिवे बंद असत, त्यामुळे जगाचं पहिलं दर्शन मला अंधुकच झालं.

जन्म जपानचा असला तरी माझ्या अंगावर जपान नाही. सीरियाच्या वायव्येकडचा मुलूख आहे. डोंगर, ऑलिव्हच्या बागा, रस्ते आणि गावं. तिथे यादवी युद्ध पेटलं होतं आणि पुण्याहून पीएच.डी.साठी आलेली शैलजा त्याचा अभ्यास करत होती. साऱ्या जगाशी धर्मयुद्ध करायला निघालेल्या सशस्त्र संघटना, युद्ध लांबलं की गावच्या राजकारणात कशा उतरतात, हा तिचा विषय. त्यातली एक संघटना तिनं निवडली आणि टोकियोच्या ओजिमा भागातल्या आपल्या फ्लॅटच्या भिंतीवर मला टांगलं.

मला रंगवायला तिनं इथली ती पुसता येणारी पेनं आणली. शाळकरी मुलांपासून ऑफिसातल्या साहेबांपर्यंत सगळे तीच वापरतात. मागच्या टोकानं घासलं की ऊब मिळून शाई नाहीशी होते आणि कागदावर ओरखडासुद्धा उरत नाही. शैलजाला ही भारी सोय वाटली. माझ्या वैतागाची सुरुवात तिथूनच झाली.

पहिली वर्षं मी काळा होतो. ही संघटना तेव्हा दूर बसलेल्या म्होरक्याशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथा घेत होती. परदेशी लढवय्ये येत होते, भाषणं जगाच्या उलथापालथीची होती आणि गावात पीठ आहे का याची चौकशी कुणी करत नव्हतं. एका गावात राशा नावाची शाळामास्तरीण राहत होती. शैलजा अरबी शिकली होती, ती इंटरनेटवरून तिच्याशी बोलायची. राशाच्या भावानं भर चौकात संघटनेला नावं ठेवली आणि त्याला उचलून नेलं. ज्या इमारतीत नेलं, तिथे शैलजानं माझ्यावर एक छोटीशी फुली काढली.

मग युद्ध रेंगाळलं. लोकांना भाकरी हवी होती, वीज हवी होती, जमिनीच्या तंट्यांचा निकाल हवा होता. नुसत्या घोषणांवर गाव चालत नाही हे संघटनेला उमगलं. तिनं इतर बंडखोरांशी जुळवून घेतलं, तेव्हा शैलजानं काळा पुसून मला निळं केलं. पुढे संघटनेनं म्होरक्याशी उघड काडीमोड घेतला, नाव बदललं, पीठ पुरवायला खातं काढलं, न्यायालय बसवलं, गावच्या वडीलधाऱ्यांना बैठकीला बोलावलं. जुन्या शपथेला चिकटून राहिलेल्या आपल्याच साथीदारांना तुरुंगात टाकलं. मग निळा पुसून मी हिरवा झालो.

आता तुम्ही म्हणाल, बदल झाला तर रंग बदलायला नको का? बदला ना! पण शैलजाचे मार्गदर्शक ओकुमुरा सेन्सेई (इथे सरांना सेन्सेई म्हणतात) भलतेच टापटिपीचे. “शैलजा-सान, नकाशावर आजची स्थिती दिसली पाहिजे,” असं प्रत्येक भेटीत म्हणायचे. जुनं ठेवलं की वाचणारा गोंधळतो म्हणायचे. फुलीसुद्धा त्यांनी पुसायला लावली. जुनी घटना, आजच्या स्थितीत बसत नाही, म्हणे. शैलजानं ती पुसली आणि त्या दिवशी ती धड जेवली नाही.

राशानं मात्र एकदा स्पष्ट सांगितलं होतं. “हल्ली बेकरी वेळेवर उघडते. रस्त्यात लूटमार होत नाही. हे खरं आहे, लिही. पाटी बदलली, पण भाऊ आला नाही. हेही लिही.”

हे दोन्ही एका वेळी ऐकायला कुणी तयार नव्हतं. एका चर्चासत्रात एक गृहस्थ म्हणाले, तुम्ही दहशतवाद्यांना चांगल्या वर्तणुकीचा दाखला देताय. दुसऱ्या ठिकाणी एक बाई म्हणाल्या, ते आता साधे राजकारणी झालेत, जुनं कशाला उकरता? शैलजा घरी येऊन माझ्यासमोर डोकं धरून बसायची. माझंही डोकं फिरायचं, पण नकाशानं बोलायचं कुणाशी?

अशाच एका हिवाळ्यात तिचे सासरे सुरेशराव पुण्याहून राहायला आले. सज्जन माणूस, पण रिकामं बसणं जमेना. कोणत्या वारी कोणता कचरा हे त्यांनी आठवड्यात पाठ केलं आणि पायमोजे धरून घरातल्या प्रत्येक कपड्याला इस्त्री केली. माझ्यापुढे उभे राहून ते विचारायचे, “अगं, पण एका शब्दात सांग ना, सुधारले की नाही हे लोक?”

“बाबा, सगळे हेच विचारतात. तुम्ही तरी नका ना विचारू!”

मार्चमध्ये शैलजाचा विद्यापीठातल्या संशोधनाचा करार संपत होता. त्याआधी विद्यापीठाच्या समितीपुढे कामाची मांडणी करायची होती. ती पटली नाही तर करार नाही, आणि इतक्या वर्षांचं काम तिथेच थांबणार होतं. मला पडद्यावर न दाखवता प्रत्यक्ष न्यायचं तिनं ठरवलं आणि आदल्या दिवशी भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलं. कितीतरी वेळा घडी घालून विद्यापीठात नेल्यामुळे मी पार चुरगळलो होतो.

शैलजा बाहेर गेली होती. सुरेशरावांनी माझ्याकडे पाहून चुकचुक केली. “चारचौघांत न्यायची वस्तू, आणि ही दशा?” असं म्हणून त्यांनी माझ्यावर स्वच्छ पंचा पसरला आणि इस्त्री तापवली.

मित्रांनो, माझ्या घड्या गेल्या. त्यांच्याबरोबर हिरवा रंग गेला, बेकऱ्यांची वर्तुळं गेली, नाक्यांच्या खुणा गेल्या. पंचा उचलला तेव्हा छापील रस्ते आणि गावांची नावं एवढंच उरलं होतं. सुरेशरावांनी घाईघाईनं इस्त्री बंद केली.

शैलजा आली, तिनं पाहिलं. “बाबा, काय केलंत हे!” एवढंच बोलली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. सासऱ्यांपुढे ती अशी कधीच रडली नव्हती. ते बिचारे पंचाची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते.

तिचा नवरा नीलकंठ ऑफिसातून आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “अगं, ही शाई गारठ्यात परत येते! उन्हात राहिलेली माझी वही कोरी झाली होती, तेव्हा ऑफिसात नाकानो-सानांनी फ्रीजरमध्ये ठेवायला लावली होती. टाक याला फ्रीजरमध्ये!”

पण मी सपाट मावणार कसा? सुरेशरावांनीच मला परत जुन्या घड्यांवर दुमडलं. इतक्या हलक्या हातानं घडी त्यांनी आपल्या रेशमी सदऱ्याचीही घातली नसेल. मटारची पिशवी सरकवून मला आत ठेवलं.

सकाळी शैलजानं मला उलगडलं. हिरवा आला होता. पण त्याच्याखालून निळाही आला होता आणि निळ्याखालून काळा. जे जे पुसलं होतं ते सगळं, जरा फिकट, पण आपापल्या जागी. राशाच्या गावात बेकरीचं हिरवं वर्तुळ होतं आणि त्याला चिकटून ती फुली.

“हे काय गं, सगळी गिचमिड झाली,” सुरेशराव रडवेले झाले.

शैलजानं बोट हिरव्यावरून निळ्यावर आणि निळ्यावरून काळ्यावर नेलं. “नाही बाबा,” ती हळूच म्हणाली, “माझं म्हणणं हेच आहे.”

समितीपुढे तिनं मला तसंच पसरलं. सेन्सेई वाकून पाहू लागले आणि त्यांचं बोट फुलीवर थांबलं. “ही आपण पुसली होती.”

“हो, सेन्सेई. आपण पुसली होती. तो माणूस अजून घरी आलेला नाही.”

सेन्सेईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “पुढे बोला.”

करार मिळाला, पण एकाच वर्षाचा. तिच्या कामाचा अहवाल छापून आला, त्यात माझी नवी प्रत आहे. स्वच्छ, हिरवी, एकाच रंगाची. वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी, म्हणे. फुलीला तळटीप मिळाली, मुंगीएवढ्या अक्षरांची. ती वाचून मी किती चरफडलो ते मलाच ठाऊक.

मी परत ओजिमातल्या भिंतीवर आहे, सगळ्या रंगांनिशी आणि सगळ्या घड्यांनिशी. सुरेशराव पुण्याहून फोन करतात तेव्हा घरची चौकशी झाल्यावर विचारतात, “नकाशावर ऊन नाही ना येत? पडदा लावत जा.” हल्ली ते लोक सुधारले की नाही असं विचारत नाहीत. विचारतात, “त्या मास्तरणीचा भाऊ आला का गं?”

मित्रांनो, जुन्या नकाशांना सांभाळा. नवा रंग खुशाल भरा, गरज पडली तर परत परत भरा. पण जुना घासून टाकू नका, आणि आम्हाला नीटनेटकं करायच्या नादात इस्त्री फिरवू नका. परवा राशाशी बोलून झाल्यावर शैलजा माझ्यापाशी आली. तिनं साधं, न पुसणारं पेन घेतलं आणि त्या फुलीवरून पुन्हा एकदा गिरवलं.