जमिनीचं हाड

चीनमधल्या चुंगनिंगात कुणाचे डोळे चुरचुरले की गोजीची लाल फळं. कुणी कंबर धरून उठलं की गोजी. बाळंतिणीला मटणाच्या रश्शात गोजी, म्हाताऱ्यांना राळ्याच्या पेजेत गोजी, परीक्षेला बसणाऱ्या पोरांना शेवंतीच्या चहात मूठभर गोजी, आणि वसंतात फळं नसतात म्हणून काय झालं, कोवळा पाला आहे ना, लसूण घालून परतायचा! फक्त कामधंद्याला परगावी जाणाऱ्या नवऱ्याच्या पिशवीत ती घालायची नसते. "घरापासून लांब असलेल्या पुरुषाला गोजी चारायची म्हणजे दुसरीच्या दारात नेऊन सोडायचं," असं शेजारच्या फंग काकू म्हणायच्या. मग सगळ्या बायका खिदळायच्या आणि रुइफांगकडे बघून एकदम गप्प व्हायच्या. जणू पंधराव्या वर्षी काही कळतच नाही! रुइफांगला सगळं कळायचं.

अशा गावात, अशा घरात, जिथे अंगणापासून कालव्यापर्यंत गोजीचीच झुडपं, तिथे शिन वैद्य रुइफांगच्या आईची नाडी सोडून म्हणाले, "सूछिन, आजपासून गोजीचा एक दाणाही तोंडात घालायचा नाही."

आई हसलीच. "मग खाऊ काय, माती?"

"हाडांच्या आत चूल पेटलीय तुझ्या. गोजी अंगात भर घालते. पेटल्या चुलीत कुणी सरपण घालतं का?"

उन्हाळ्याची तोडणी संपल्यापासून आईला रोज दुपारी ताप यायचा. गाल नवरीसारखे लाल, तळहात नि तळपाय तव्यासारखे, आणि पहाटे अंथरूण घामानं चिंब. आधी वाटलं, तोडणीचा शीण असेल. मग यिनछुआनच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एकट्या बाबांना आत बोलावलं. बाबा बाहेर आले, टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली आणि म्हणाले, "औषधं घरीच घ्यायची म्हणाले." रुइफांगला केवढा आनंद झाला! घरी पाठवतात म्हणजे दुखणं किरकोळच असणार. परतीच्या बसमध्ये तिनं आईला शाळेतल्या सगळ्या मास्तरांच्या नकला करून दाखवल्या. मागच्या बाकावरची माणसंसुद्धा हसली. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते.

शिन वैद्यांनी गोजी बंद केली आणि त्याच झाडाच्या मुळाची साल चालू केली. जुने लोक तिला जमिनीच्या हाडाची साल म्हणतात. फळ ऊब देतं, मूळ ऊब काढून घेतं. हाडांतल्या तापाला जमिनीचं हाड! रुइफांगला हे इतकं पटलं की ती वर्गात सगळ्यांना सांगत सुटली. पण वाडग्यामागून वाडगी पोटात गेली तरी ताप आपला दुपार झाली की हजर, पाहुण्यासारखा नव्हे, घरच्यासारखा.

आता या मुलीबद्दल एक सांगायला हवं. मागच्या वर्षीपर्यंत ती दुकानात मीठ मागायलाही लाजायची. मग तालुक्याच्या पाठांतर स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला, मंचावर उभी राहून तिनं अख्खं सभागृह गप्प केलं, आणि तेव्हापासून तिला वाटू लागलं की नीट, मोठ्यानं, न घाबरता बोललं तर जगात काहीही होऊ शकतं. ती कंडक्टरशी भांडायची, मास्तरांच्या चुका काढायची. तेव्हा औषध लागू पडत नाही म्हटल्यावर ती काय घरात बसणार होती?

शिन वैद्य दुकानात अडकित्त्यानं ज्येष्ठमध कापत बसले होते.

"आजोबा, तुमचं औषध लागू पडत नाही."

"ये पोरी. बस आधी."

"बसत नाही. बसले की माझा राग उतरतो."

वैद्यांना हसू आलं आणि लगेच गेलं. त्यांनी ज्येष्ठमधाचा तुकडा तिच्यापुढे धरला. तिनं घेतला नाही.

"आईचा ताप उतरत का नाही, ते सांगा. खरं सांगा. मी काही लहान नाही."

वैद्यांनी तिच्याकडे बघितलं. मग पाटावरचा भुसा हातानं गोळा करायला लागले, नसलेलासुद्धा. "आता काय सांगू तुला," ते त्या भुशाला म्हणाले, "हल्ली बाजारात येणाऱ्या सालीत काही दम राहिला नाही. भलत्याच झाडांच्या साली मिसळतात. आतलं लाकूडही काढत नाहीत, वजन वाढवायला. पूर्वी जुन्या झुडपांची साल यायची, ती गोष्टच वेगळी होती."

"एवढंच ना!" रुइफांग ओरडलीच. तिनं ज्येष्ठमधाचा तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि पळत सुटली. मागून वैद्य काहीतरी म्हणाले, पण ती रस्त्याला लागली होती.

"बाबा! आपण किती मूर्ख आहोत! आपल्याकडे काय आहे? झाडंच झाडं!"

बाबा अंगणात झाडूला काड्या बांधत होते. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "शरदाचं फळ लागलंय त्यांना."

"आईला फळ वर्ज्यच आहे."

"साल पानं गळल्यावर काढतात, फांग. सत्त्व खाली उतरलं की."

"पानं गळेपर्यंत आईनं तापात पडून राहायचं?"

बाबा उठले आणि कुदळ घेऊन आले. इतक्या लवकर ऐकतील असं तिलाही वाटलं नव्हतं. फळांनी लगडलेलं झुडूप उपटणं म्हणजे आमच्याकडे अपशकुनच. पण ते थेट मळ्यात शिरले. कालव्याकडच्या ओळीतलं पहिलं झुडूप काढलं तेव्हा लाल फळं पावसासारखी गळली. रुइफांगनं मुळं कालव्यात धुतली, दगडावर ठेवून मोगरीनं बडवली, साल सैल झाली की आतली दांडी ओढून काढली. बाहेरून पिवळसर मातकट, आतून पांढरी, नळीसारखी वळलेली साल! तिनं एक तुकडा चावून बघितला. आधी किंचित गोड, मग कडू. "ही खरी," ती म्हणाली, जणू आयुष्यभर साली चावत आली होती.

आईला सांगायचं नाही, असं ठरलं. बहुतेक झुडपं तिनं लावलेली, तिनं छाटलेली. उपटली म्हटल्यावर तिनं औषध ओतून दिलं असतं. "वैद्यांनी नवीन माल आणलाय," रुइफांगनं सांगितलं. आई वाडगं तोंडाला लावता लावता थांबली, वास घेतला आणि प्यायली.

त्या दुपारी ताप कमी होता! आईनं वाडगंभर शेवया खाल्ल्या, वर व्हिनेगर मागितलं. रुइफांग अंगणात जाऊन एका पायावर नाचली. फंग काकू भिंतीवरून म्हणाल्या, "काय गं, लग्न ठरलं का?"

"तुमचंच ठरवलंय काकू, दुसऱ्यांदा!"

"मेली, जीभ बघा हिची! तोडून गोजीऐवजी चहात घाल, मिरचीपेक्षा तिखट."

दुसऱ्या दिवशी ताप परत आला. मग रुइफांगनं हिशेब मांडला की पहिलं झुडूप कोवळं होतं, जुनं हवं. जुनं काढलं. मग तिला वाटलं, पाणथळ बाजूचं मूळ बेचव असतं, उंचावरचं हवं. उंचावरचंही काढलं. तिच्याजवळ रोज नवं कारण असायचं आणि ते ती अशा काही आवाजात सांगायची की कुणालाही पटावं. शाळेला जाण्याआधी ती कुदळ घेऊन दारात उभी, बाबा मागोमाग. कालव्याकडची ओळ संपली. मधली सुरू झाली. तोडणीला डोंगरातून आलेल्या बायका बांधावर उभ्या राहून बघायच्या आणि आपापसात कुजबुजून पुढच्या मळ्यावर जायच्या. थंडी पडायला लागली होती, पण आई निजायच्या विटांच्या ओट्याखाली उबेसाठी जाळ करू देत नव्हती. गार ओट्यावर गाल टेकून पडायची.

एका रविवारी शिन वैद्य आईला बघून मागच्या वाटेनं मळ्यात आले. बाबा खड्ड्यात होते, रुइफांग कालव्यात मुळं धूत होती. वैद्यांनी खड्डे बघितले. एक, त्यापुढे दुसरा, पार कालव्यापर्यंत.

"हे काय चालवलंयस, तान?"

बाबांनी कुदळ थांबवली नाही. "तुम्हीच म्हणालात ना हिला. बाजारातली साल बरी नाही."

वैद्य मातीच्या ढिगावर मटकन बसले. "पोरगी समोर उभी होती रे. डोळ्यांत डोळे घालून विचारत होती. काय सांगायचं होतं मी तिला?"

रुइफांगच्या हातातलं मूळ पाण्यात सुटलं आणि वाहत गेलं.

"म्हणजे काय?" ती म्हणाली. दोघंही तिच्याकडे बघेनात. मग तिनं मंचावरचा आवाज काढला. "म्हणजे काय, आजोबा?"

"साल खोटी नव्हती, पोरी. तुझ्या आईच्या पुड्या मी माझ्या हातानं निवडून बांधायचो. एक काडी कचरा नव्हता त्यात."

"मग ताप का उतरत नाही?"

"त्या सालीनं उतरणारा तो ताप नाही."

"मग कशानं उतरतो? ते सांगा ना. ते आणू."

वैद्यांनी नाही अशी मान हलवली.   ती बाबांकडे वळली. "इस्पितळात हेच सांगितलं होतं तुम्हाला?"

बाबा खड्ड्यात कमरेपर्यंत उभे होते. "हो."

"आणि मी इतके दिवस... तुम्ही मला खोदू दिलंत?"

"तू सकाळी कुदळ घेऊन उभी राहायचीस," बाबा म्हणाले, "म्हणून मला घराबाहेर पडता यायचं."

तिला ओरडायचं होतं.  ती ओल्या पायांनी तशीच घरी आली आणि चुलीजवळ बसून राहिली. साल बडवली नाही. मडकं चढवलं नाही. दुपार झाली, ताप आला, आतून आईचा आवाज आला.

"फांग, आज औषध नाही का गं?"

ती आत गेली. आईचे गाल पेटले होते. डोळे मात्र स्वच्छ, सगळं बघणारे.

"संपलं," रुइफांग म्हणाली.

"संपलं? मळ्यात झाडं संपली?"

रुइफांगनं हात पाठीमागे नेले.

"बाई, ओली साल उकळली की मातीचा वास येतो. पुडीतल्याला येत नाही. पहिल्या दिवशीच कळलं मला." आईनं दम घेतला. "कुठली काढलीत?"

"कालव्याकडची सगळी. आणि मधली."

"मधली!" आईनं डोळे मिटले. मधल्या ओळीची फळं गावात सगळ्यांत टपोरी असायची. व्यापारी आल्यावर ती तीच पाटी आधी पुढे करायची. डोळे उघडून म्हणाली, "बरं. मग आता मडकं चढव."

"नको, आई. शिनआजोबा म्हणाले, त्याचा काही..."

आईचा तापलेला तळहात तिच्या तोंडावर आला. चटका बसावा इतका गरम. "मला ठाऊक आहे ते काय म्हणाले. माझी नाडी माझ्याच हातात आहे ना?"

"मग पितेस कशाला?"

"नाही प्यायले तर तुझ्या बाबांना उद्या सकाळी काय काम देशील? इथे बसून माझ्याकडे बघायचं? तो वेडा होईल." आईनं हात खाली घेतला. "आणि तू शाळेत जाशील का? नाही जाणार. तूही बसशील त्याच्या शेजारी. दोन घुबडं. मला नको. जा, चढव."

रुइफांगनं मोगरी उचलली. साल बडवली, दांड्या काढल्या, पाणी ओतलं, आणि सगळा वेळ नाक ओढत होती. वाडगं घेऊन आली तेव्हा बाबा दारात उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखल. आईनं वाडगं दोन्ही हातांनी धरलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामं केलं. मग ओठ पुसून बाबांना म्हणाली, "आजची साल चांगली लागली. उतरायला लागला बघा."

बाबांनी पुढे होऊन तिच्या कपाळावर हात ठेवला. रुइफांगनं आधीच ठेवून बघितला होता. कपाळ भाजत होतं.

"उतरलाय," बाबा म्हणाले.

दोघांनी तिच्याकडे बघितलं. जणू पुढचं वाक्य तिचं होतं आणि ती विसरली होती.

"हो," ती म्हणाली. "बराच."

दुसऱ्या दिवशी गवतावर दहिवर गोठलं होतं. बाबा बांधावर कुदळ टेकून उभे राहिले. मधल्या ओळीत खड्डेच खड्डे होते. उरली होती फक्त पूर्वेकडची ओळ, बाबांच्या वडिलांच्या काळातली. त्यांनी तिला विचारलं, रोज विचारायचे तसंच, "आज कुठलं काढायचं, फांग?"

रुइफांग ओळीतून चालत गेली. पाल्यात शेवटची फळं थंडीनं सुरकुतली होती. वाटेत दोन-तीन बारकी झुडपं लागली, सहज निघाली असती. ती थांबली नाही. पार टोकाशी जाऊन तिनं सगळ्यांत जाड बुंध्याच्या झाडावर हात ठेवला, कारण ते उपटायला अख्खा दिवस लागणार होता.