व्हर्नाच्या रक्तातला निरोप्या

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. जुना म्हणजे पाऊण तासाचा. आमच्यात याला म्हातारपण म्हणतात. डॉक्टर मला इंटरल्यूकिन-पाच म्हणतात. बारशाला मायेचं माणूस कुणी नसावं.

आज सकाळी, ऑस्ट्रेलियात विमेराच्या माळावर, मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये, कातरणीचं काम करणाऱ्या दमेकरी व्हर्नाने श्वासाबरोबर गवताचे पराग ओढले. श्वासनळ्यांच्या अस्तराने बोंब ठोकली, पहारेकरी पेशींनी मला घडवलं आणि रक्तात सोडलं. निरोप एकच: हाडांतल्या मगजात जाऊन सांग, 'जंत आलेत, फौज पाठवा!'

फौज म्हणजे इओसिनोफिल नावाच्या पेशी. जंत मारण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. आमच्या पूर्वजांना त्याबद्दल शाबासकीही मिळाली. पण व्हर्नाच्या छातीत जंत नाहीत. मग फौज तिच्या नळ्यांचंच अस्तर सोलते. त्या सुजतात, चिकट कफाने बुजतात. मला हे ठाऊक आहे. पण निरोप्याला निरोप गिळता येत नाही.

मला पकडणारं औषध आहे. महिन्याला एक सुई. तारीख उलटून दोन आठवडे झाले, तरी ती शेडच्या फ्रिजमध्ये मेंढ्यांच्या लसीमागे पडून होती.

"सुई घेतलीस का गं?" तिच्या धाकट्या भावाचा, लायलचा आवाज बरगड्यांतून आत आला.

"शेवटची... मेंढी... होऊ दे."

"तीन हजार मेंढ्यांना वेळेवर टोचलंस. तू कळपात नाहीस वाटतं?"

"मेंढीला... मी पाडते. मला कोण... पाडणार?"

पुढे नळ्या इतक्या बुजल्या की तिची छाती दम्याची शिट्टीसुद्धा वाजवेना. नळ्या मोकळ्या करणाऱ्या निळ्या पंपाचे फवारे दारातूनच परतले. लायलने तिला मागून काखेत धरून कातरायच्या मेंढीसारखं बुडावर बसवलं, मांडीत सुई टोचली आणि उचलून गाडीत घातलं.

"आणि... मेंढी?"

"तिला दमा नाही. थांबेल ती."

मित्रांनो, ही सुई अंगात भिनायला दिवस लागतात. आज तिचा श्वास दवाखान्यातल्या माणसांनीच राखायचा. मला धरायला कुणीच आलं नाही. मगजाचं दार समोर आहे आणि मी ओरडतो आहे, 'फौज पाठवा!' माझ्यामागून येणारे तरी पकडले जातील. तोवर तिने तग धरावा, एवढंच.

तुमच्या फ्रिजमध्ये अशी सुई असेल, तर आजच तारीख बघा. शेवटच्या मेंढीमागे आणखी एक मेंढी उभी असतेच.