तिसऱ्या मजल्यावरची शाखा

रविवारी दुपारी जेवणं आटोपून सासूबाई नुकत्या आडव्या झाल्या होत्या, तेवढ्यात बेल वाजली. तिने दार उघडलं. बाहेर एक उंच, सडसडीत म्हातारे गृहस्थ कठडा धरून दम खात उभे होते.

"कानाचं मशीन दुरुस्त करतात ते इथेच ना?" त्यांनी विचारलं. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही ती माणसं बोलतात तसं, खूप मोठ्यांदा.

गृहस्थ पत्ता चुकले नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती ज्या कंपनीत कामाला होती तिचा धंदाच तो. लोकांची दुकानं, दवाखाने, क्लास इंटरनेटच्या सर्चमध्ये वर आणून द्यायचे. कंपनी छोटी, मालकांना सगळे दादा म्हणत. नवरा बोटीवर, त्यामुळे तो घरी कमी आणि समुद्रावर जास्त. मुलगी मोठी होईपर्यंत ती घरीच होती, आणि नंतर नोकरी शोधायला निघाली तेव्हा कुणी दारात उभं करेना. दादांनी तिला घेतलं होतं, शेजारी बसवून काम शिकवलं होतं. त्यामुळे दादा काही म्हणाले की तिला नाही म्हणणं जिवावर येई.

कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे शहराबाहेर हमरस्त्यावरचं कानाच्या मशीनचं शोरूम. अडचण एवढीच होती की माणूस 'माझ्या जवळ' असं शोधतो आणि फोनवरचा नकाशा त्याला जवळची दुकानं आधी दाखवतो. हे शोरूम तर कुणाच्याच जवळ नव्हतं. मग दादांनी शक्कल काढली. स्टाफमधल्या सगळ्यांच्या घरचे पत्ते घेतले. प्रत्येकाच्या घरी पत्ता खरा आहे ना हे पडताळणारा एक कोड पोस्टाने आला, प्रत्येकाने तो भरला, आणि बघता बघता शहरभर शोरूमच्या शाखा उगवल्या. त्यातली एक तिच्या राहत्या घरात.

"कुणी येत नाही गं," दादा तेव्हा म्हणाले होते. "लोक फोन करतात. फोन शोरूमला जातो. तुझ्या दाराला कुणी बोटसुद्धा लावणार नाही."

एवढ्या हुशार माणसाच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती, आणि तिच्याही आली नव्हती. ज्याला ऐकूच येत नाही तो फोन कशाला करेल? तो चालत येतो.

"इथे नाही हो काका," ती म्हणाली. "ते... हललेत इथून."

"काय?"

"हललेत!"

"झोपलेत? मग थांबतो की मी," असं म्हणून गृहस्थ आत येऊन खुर्चीत बसलेसुद्धा.

आवाजाने सासूबाई उठून बाहेर आल्या. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या त्या. समोरच्याला किती ऐकू येतंय हे त्यांना पहिल्या वाक्यातच कळे. त्या गृहस्थांच्या अगदी समोर बसल्या, तोंड दिसेल अशा, आणि एकेक शब्द सावकाश बोलत चौकशी करू लागल्या. गृहस्थ फुटबॉलचे रेफरी होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती.

"जन्मभर दुसऱ्यांच्या कानात शिट्टी वाजवली," ते म्हणाले, "आता हे मशीन माझ्या कानात वाजवतंय. सारखी शिट्टी! घरात सगळे हसतात. मी काढून ठेवलं. आता कुणी हसत नाही, आणि कुणी बोलतही नाही."

सासूबाई खळखळून हसल्या. "पण तुम्हाला हा पत्ता दिला कुणी?"

रेफरीकाकांनी खिशातून फोन काढून पुढे धरला. पडद्यावर दाराचा फोटो होता. दारावर निळी पाटी, पाटीवर मोठा कान. सासूबाईंनी चष्मा लावला, फोन जवळ नेला, लांब नेला.

"अगं, हे आपलं दार आहे. ही माझी कोरफड!"

तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पाटी ऑफिसातल्या कवीने कॉम्प्युटरवर फोटोत चिकटवली होती. कुंडी काढायची त्याला आठवण राहिली नव्हती.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्या पाहुण्याकडे वळल्या. पाणी दिलं, चहा ठेवला, केस विंचरले, पर्स घेतली आणि रेफरीकाकांना म्हणाल्या, "चला. औषधाच्या दुकानात विचारू. कुणीतरी खरं असेलच की या भागात."

दोघं जिन्यावरून सावकाश उतरताना तिने खिडकीतून पाहिलं. दुपारभर तिला काही सुधरलं नाही.

सासूबाई परतल्या त्या दिवेलागणीला. चपला काढता काढताच बोलायला लागल्या. "मागच्याच गल्लीत आहे. केकच्या दुकानाच्या वर. कान तपासणारी बाई आहे, चांगली शिकलेली. राहते त्याच्याही वर; रविवारची सुट्टी असूनसुद्धा खाली उतरून आली. मशीन वाईट नव्हतंच गं, कानात बसणारं रबराचं टोक बारीक होतं. तिने मोठं बसवलं, शिट्टी बंद. त्यांना ते कळलं तेव्हा रडले बिचारे."

"चांगलं झालं, आई."

"चांगलं झालं? आपल्या मागच्या गल्लीत ती बसलीये, आणि तो माणूस तिच्या दारावरून पुढे येऊन आपले तीन मजले चढला. तिच्याकडे कुणी येतच नाही. म्हणाली, माझ्याबद्दल लोकांनी इतकं वाईट लिहिलंय की गिऱ्हाईक जिन्यापर्यंत येतं, फोन बघतं आणि मागे फिरतं. दुकान बंद करायच्या विचारात आहे." सासूबाईंचा आवाज खाली आला. "मी चुकीचा नंबर जोडला तर माझी मान खाली जायची. तू तर मुद्दाम जोडलास. माझ्या घराचा."

ती उठून चहाचे कप विसळायला गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या तिने त्या बाईंच्या दुकानाचं इंटरनेटवरचं पान उघडलं. 'उद्धट वागणूक.' 'जुनं मशीन नवं म्हणून गळ्यात मारलं.' 'आईला घेऊन गेलो, पश्चात्ताप झाला, कृपया नोंद घ्यावी.' हे शेवटचे तीन शब्द वाचून ती खुर्ची सरकवून उठली. अख्ख्या जगात 'कृपया नोंद घ्यावी' लिहिणारा एकच माणूस होता आणि तो तिच्या मागच्याच टेबलावर बसून समोर दोन पडदे लावून काम करत होता. कधी आजी, कधी कॉलेजचा पोरगा, कधी निवृत्त साहेब, असे नाना आवाज काढून तो अभिप्राय लिहायचा, म्हणून त्याचं नाव कवी.

"कवी, ही बाई तू पाहिलीस कधी?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. "मला शोरूमच्या स्पर्धकांच्या यादीत दुकान मिळतं. बाई-माणूस मिळत नाही."

"मागच्या गल्लीत आहे माझ्या. काल सुट्टीच्या दिवशी एका म्हाताऱ्या माणसाचा कान मोकळा केला तिने."

कवी नेहमीसारखा विनोद करेल असं तिला वाटलं होतं. तो कान खाजवत बसला. मग म्हणाला, "खरं सांगू? लिहिताना मला त्या आईचं वाईट वाटलं होतं. जी नव्हतीच तिचं."

तिने जागेवर जाऊन आपल्या घरची शाखा काढून टाकली. कोड तिच्या नावावर होता, त्यामुळे कुणाला विचारायची गरज नव्हती. मग दुसऱ्या कुणी चुगली करण्याआधी ती स्वतः दादांच्या केबिनमध्ये गेली आणि घडलेलं सगळं सांगितलं.

दादा आधी हसले. कोरफडीवर तर फारच. मग त्यांच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

"काढलीस? मला न विचारता?"

"दादा, बाकीच्या पण काढूया. ती ऐकू न येणारी माणसं आहेत. फोन करत नाहीत, येऊन उभी राहतात."

"आणि शोरूमवाल्याला काय सांगू? अर्धं ऑफिस त्याच्या कामावर चालतं. तू काढलंस म्हणून जग सुधारणार आहे? आपण नाही केलं तर समोरचा करेल."

"समोरच्याला करू दे. माझ्या दारात नको."

"तुला मी शिकवलं, आणि तू मलाच शहाणपण शिकवतेस?" दादांचा चेहरा लाल झाला होता. "घरी जा. चार दिवस विचार कर. मीही करतो."

ती डबा उचलून घरी आली. नोकरी गेल्यातच जमा होती. सासूबाईंनी संध्याकाळी तिच्या आवडीची गाणी रेडिओवर लावून ठेवली.

शनिवारी सकाळी बेल वाजली. या वेळी दारात दादा होते. हातात बिस्किटांचा पुडा, चेहऱ्यावर अवघडलेपण. सासूबाईंनी त्यांना बसवलं आणि त्या आत जाऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या, सगळं ऐकू येईल अशा बेताने.

"हे बघ," दादा म्हणाले, "तुझी शाखा नको, मान्य. पण बाकीच्यांच्या डोक्यात हे भरवू नकोस. कवी काल दिवसभर काहीतरी पुसत बसला होता. विचारलं तर म्हणतो, शुद्धलेखन तपासतोय."

तिला हसू आलं. ती बोलणार इतक्यात पुन्हा बेल वाजली. दादा दाराजवळच बसले होते, त्यांनीच उठून उघडलं.

बाहेर चाळिशीच्या एक बाई होत्या. खांद्याला भरगच्च पिशवी, पिशवीतून डोकावणाऱ्या वह्या. शाखा काढली असली तरी कुठल्या कुठल्या जुन्या याद्यांमध्ये पत्ता अजून शिल्लक होता. बाईंनी कानामागचं मशीन काढून दादांच्या तळहातावर ठेवलं.

"कालपासून बंद आहे. सोमवारी वर्गात उभं राहायचंय मला. आज होईल का?"

"इथे दुकान नाहीये, मॅडम," दादा पुटपुटले.

बाई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. "कळलं नाही. जरा वर बघून बोला ना."

दादांनी मान वर केली. "इथे दुकान नाहीये."

"नवीन आहे? किती वेळ लागेल?"

"दुकान नाही!" दादांचा आवाज चढला. "हे घर आहे! पत्ता खोटा आहे!"

"कुणी टाकला खोटा?"

खालच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी जिन्यात येऊन उभं राहिलं. दादांनी एकदा मागे वळून पाहिलं. बाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून उत्तराची वाट बघत होत्या, आणि दादांच्या तळहातावर ते इवलंसं मशीन होतं.

"मी!" दादा ओरडले. "मी टाकला! माझं चुकलं!"

हे मात्र बाईंना पहिल्या फटक्यात समजलं. त्या रागावल्या नाहीत. थकल्यासारख्या हसल्या. "तरीच. मागे एका ठिकाणी गेले होते, तिथे पत्त्यावर गॅरेज निघालं."

त्यांना केकच्या दुकानाच्या वर, कान तपासणाऱ्या बाईंकडे घेऊन दादाच गेले. परत आले ते तासाभराने, आणि बसायला नको म्हणाले. "सोमवारी ये कामाला," एवढंच बोलून त्यांनी जिन्याची वाट धरली. बिस्किटांचा पुडा तसाच राहिला.

पुढचं काही चुटकीसरशी झालं नाही. दादांनी एकेक करून सगळ्या शाखा काढल्या. शोरूमवाला फोनवर वाट्टेल ते बोलला आणि दुसऱ्या कंपनीकडे गेला. काही जण सोडून गेले, त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. मोठी जागा परवडेना, म्हणून एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत ऑफिस हललं. यंत्रं सुरू झाली की टेबलं थरथरत आणि कवी म्हणे, आता कुठे कंपनी हलतेय.

कान तपासणाऱ्या बाईंचं पान तिने आणि कवीने मिळून केलं. आधी दोघं जाऊन त्यांना भेटले. आपण काय केलं होतं ते कवीने स्वतः सांगितलं, मान खाली घालून. बाईंनी हातातलं मशीन पुसून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "चांगलं लिहितोस. खोटं होतं तरी वाचून मीच मला शिव्या घातल्या होत्या. आता खरं लिहून दाखव."

त्याला ते जड गेलं. खरं लिहायला माहिती लागते. दोघं रोज थोडा वेळ तिथे बसून लोक काय विचारतात ते ऐकत. मशीन का वाजतं, घामाने बिघडतं का, सहा महिन्यांच्या बाळाला बसतं का. त्याची सरळ उत्तरं पानावर गेली. जिन्याचा फोटो गेला, कठडा कुठल्या बाजूला आहे तेही गेलं. फोन नंबरच्या वर मोठ्या अक्षरांत ओळ आली: 'फोनवर ऐकायला त्रास होत असेल तर मेसेज करा.' पान महिनोन्‌महिने खालीच राहिलं. मग हळूहळू सरकू लागलं. पहिलं कधी आलं नाही, पण लोकांना दिसेल इतकं वर आलं, आणि बाईंनी दुकान बंद करायचा विषय पुन्हा काढला नाही.

एका दुपारी छापखान्याचा जिना चढून ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या एक बाई ऑफिसात आल्या. बसता बसताच त्यांनी विचारलं, "पहिल्या नंबरवर कधी आणाल?"

"सांगता येत नाही," दादा म्हणाले.

"बाकी सगळे गॅरंटी देतात."

"हो, देतात."

बाईंनी दादांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग थरथरणाऱ्या टेबलाकडे. पर्स उचलली, दारापर्यंत गेल्या. तिथे थांबून म्हणाल्या, "माझी एक शिष्या आहे. बासष्टाव्या वर्षी गाडी शिकली. असलं काही लिहिता तुम्ही?"

"असलंच लिहितो," ती म्हणाली, आणि कवीने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.