आयुषीची गूळतुला

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. पारोळ्याच्या बाजारपेठेत, पारसमलशेठच्या धान्याच्या दुकानात आढ्याला टांगलेला. धुळ्याच्या एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवलं. चाळीस वर्षं मी ज्वारी, बाजरी, भुईमूग जोखला. कुणाला मूठभर कमी नाही की जास्त नाही! खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

पुढे विजेचा काटा आला आणि माझ्यावर धूळ बसू लागली. वर्षातून एकदाच मला घासूनपुसून लख्ख करत, ते शेठच्या नातीच्या, आयुषीच्या वाढदिवसाला. तिची आजी मोहनबाई तसा नवसच बोलल्या होत्या. एका पारड्यात आयुषी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, आणि तो गूळ साऱ्या पेठेत वाटायचा. दरवर्षी ढेप वाढली की टाळ्या पडत. आमचे जुने गिऱ्हाईक अभिमननाना ओरडत, "खातापिता घरनी पोर शे, शेट!" मोहनबाई लगेच तिच्या तोंडात पेढा कोंबत. बाराव्या वाढदिवसाला ती बहात्तर किलो भरली. माझ्या साखळ्या करकरल्या. तरी टाळ्याच!

मग आयुषी हाकेला ओ देईनाशी झाली. हाक मारणाऱ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची, पण मान वळवायची नाही. "घमेंड आली हिला," मोहनबाई म्हणाल्या. शाळेतूनही तक्रार आली. शेठ रागावले तेव्हा ती रडली, "दादाजी, मी ऐकलंच नाही हो!" कुणाला पटलं नाही. मला मात्र चैन पडेना. पण मला कोण विचारतो?

एके दिवशी पोत्यांचा टेम्पो मागे येत होता. सगळे ओरडले. आयुषी पाठमोरी उभीच. अभिमननानांनी तिला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि म्हणाले, "शेट, पोरले ऐकू येत नही!"

जळगावच्या डॉक्टरांनी कान तपासले. उजवा कान बराचसा गेला होता, डाव्यालाही कमीच ऐकू येत होतं. दुकानात परतल्यावर शेठ खाली मान घालून सांगत होते, "डॉक्टर म्हणाले, कारणं बरीच असतात. पण वजन फार वाढलं की कानातल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही त्रास होतो. गेलेलं बहुधा परत येणार नाही. उरलेलं सांभाळा."

यंदाच्या वाढदिवसाला गूळ आलाच नाही. मोहनबाईंनी नातीला कवटाळलं आणि सवयीने तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन काही पुटपुटल्या. आयुषी हळूच म्हणाली, "दादी, या कानात नको."

मोहनबाई ओक्साबोक्शी रडल्या. मलाही लाज वाटली.

मित्रांनो, लेकराच्या वजनावर घराची ऐपत मोजू नका. हाकेला ओ आली नाही तर रागावण्याआधी कान तपासून घ्या. आणि वर्गातल्या जाड मुलीला हसू तर मुळीच नका. आयुषीने कधी गूळ मागितला नव्हता. पारड्यात बसवणारे आम्हीच होतो.