खोक्यावर लिहिलं होतं ‘पुरुष’

मित्रांनो, मी एक जुनं कमरेचं हाड आहे. हाडाला कसलं आलंय आयुष्य, म्हणून हसू नका. एका बाईचा सगळा भार मी पेलला आहे. तिचं बाळ माझ्याच पोकळीतून जगात आलं. पुढे एकाच तापात दोघंही गेली. लोकांनी बाळाला तिच्या कुशीत ठेवलं आणि उशाशी भाला. हो, तिचाच! तिच्यासारखा नेम गावात कुणाचा नव्हता.

हजारो वर्षं आम्ही मायलेकरं एकत्र होतो. मग उत्खनन करणारे सर आले. त्यांनी आधी भाला पाहिला, मग कवटीवरचा भुवईचा जाड उंचवटा.

“गडी दणकट दिसतोय! लिहा, पुरुष.”

“पण सर, कुशीत बाळ आहे,” माती झाडणारी मजूरबाई म्हणाली.

“गड्याच्या कुशीत तान्हं बाळ कशाला असेल? शेजारच्या खड्ड्यातलं सरकलं असेल. वेगळ्या खोक्यात भरा.”

मी समोरच पडले होते, मातीने माखलेली. सरांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला तोंड असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं.

संग्रहालयात कवटीला काचेची पेटी मिळाली, भाल्याला वाहवा. मी चाळीस वर्षं लोखंडी कपाटावर पुठ्ठ्याच्या खोक्यात धूळ खात पडले. झुरळांनी खोक्यावरच्या चिठ्ठीचे कोपरे खाल्ले, पण ‘पुरुष’ हा शब्द तेवढा शाबूत ठेवला.

गेल्या महिन्यात एका संशोधक ताईने मला मऊ कुंचल्याने साफ केलं. माझ्या मागच्या खाचेत तिने अंगठा घातला. तो ऐसपैस हलला. पुरुषाची खाच अरुंद असते. तिने पुढचा कोनही मोजला, तोही बाईसारखा रुंद भरला. मग तिने उत्खननाचा जुना फोटो शोधून काढला; त्यात कुशीतलं बाळ दिसत होतं.

“काका, ही बाई आहे हो! हिचं बाळ कुठंय?”

कोठार सांभाळणाऱ्या काकांनी वही चाळली. “तो खोका? त्याला नंबरच नव्हता, पोरी. कपाटं बदलली तेव्हा कुठे गेला, देव जाणे.”

ताई तिथेच खाली बसली आणि रडली. मला तेही जमत नाही.

आता माझ्या खोक्यावर नवी चिठ्ठी आहे, ‘स्त्री’. ती वाचून मी काय करू? मित्रांनो, हाडाला नाव देण्याआधी ते नीट पाहत जा. आणि कुठे अडगळीत बिननंबरचा लहान खोका दिसला, आत बोटाएवढी मांडीची हाडं असली, तर फेकू नका हो, पाया पडते. ते आमचं बाळ आहे.