भोपळ्याचे निळे डोळे

सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बान नोंगसिम गावात याआधी एवढी गर्दी फक्त निवडणुकीच्या सभेला झाली होती, तीही फुकट जेवण होतं म्हणून. आज बायका हात जोडून बसल्या होत्या, पुरुष एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावत होते. पुढे उकडलेल्या अंड्यांचे ढीग, तांदळाच्या दारूच्या बाटल्या आणि लाल सोडा मांडला होता. सोड्याच्या प्रत्येक बाटलीत नळी खोचलेली, कारण देव नळीशिवाय सोडा पीत नाहीत म्हणे! मधोमध पितळी परातीत वेटोळं घालून एक नऊ हाती अजगर पडला होता. त्याचे डोळे दुधाळ निळे झाले होते.

"पाहा! नीट पाहा!" पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले आजान थावोन गरजले. आजान म्हणजे गुरुजी. हे कशाचे गुरुजी, ते मात्र कोणी विचारलं नव्हतं. "हे काय जनावराचे डोळे आहेत? नागराज ध्यानाला बसलेत! मेकाँग नदीच्या तळाचा रत्नमहाल सोडून तुमच्यासाठी आलेत! गेले दहा दिवस अन्नाचा कण घेतलेला नाही!"

"साधू! साधू!" तथास्तु म्हणावं तसा मंडप दुमदुमला.

पहिल्या रांगेत बुआलाई मान ताठ करून बसली होती. अजगर तिचा. रस्त्याकडेला भाजलेली कोंबडी आणि पपईचं सॅलड विकणारी ही बाई सहा वर्षं त्याला पाळत होती. वनखात्याचा परवाना भिंतीला टांगलेला. त्याचं नाव फाकथोंग, म्हणजे भोपळा, कारण खाऊन पडला की तो तसाच दिसायचा. दर दीड-दोन महिन्यांनी भोपळ्याचे डोळे असेच निळसर व्हायचे, तो रुसून कोपऱ्यात बसायचा, खाणं सोडायचा. बुआलाई त्याच्या टोपात ओलं पोतं टाकून ठेवायची आणि पंधरवड्यात उलट्या काढलेल्या मोज्यासारखी कात अख्खी निघायची. तो तिला चार वेळा चावलाही होता. चारही वेळा चूक तिचीच. कोंबडी कापून हात न धुता त्याला उचलायला गेली होती.

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. पण आपल्या भोपळ्याला कोणी साऱ्या गावादेखत नागराज म्हणत असेल, चार दिवस आपल्या गाडीवर रांग लागत असेल, तर तोंड उघडायला जीभ रेटत नाही. बाई गप्प बसली. इथेच चुकली, हे आधीच सांगून टाकतो.

आजानांना बोलावलं होतं गावप्रमुख सोमखित यांनी. महिन्याभरात गावात तीन माणसं दगावली होती. एकाचं वय एक्याण्णव. दुसरा दारू पिऊन, हेल्मेट घरी ठेवून, मोटारसायकलसकट कालव्यात गेला. तिसऱ्याच्या छातीत कळा येत होत्या, त्याने दोन दिवस बाम चोळण्यात घालवले. कारणं शेंबड्या पोरालाही कळली असती. पण कारण कळलं की चूक कोणाची तेही कळतं. त्यापेक्षा पोब बरा! पोब म्हणजे माणसाच्या अंगात लपून दुसऱ्यांची काळजं खाणारं भूत. आणि ते लपतं कुठे? आजान म्हणाले, बाईच्या अंगात.

"का? पुरुषांच्या अंगात जागा नसते वाटतं?" असं भर सभेत विचारलं होतं बुआलाईच्या आईने, खामपून आजीने. सत्तरीची ही म्हातारी गावची जुनी सुईण. जिभेला हाड नाही. "अजगर आश्रमाला दान करा" म्हणून आजान घरी आले, तेव्हाही तिनेच त्यांना वाटेला लावलं होतं. "नागराज वगैरे काही नाही हो, कोंबडी खातो आणि हगतो. तुम्हाला त्याची घाण काढायला जमेल का?"

आता एकेक बाई पुढे येऊ लागली. आजान तिच्या हाताला सुगंधी पावडर चोळत, मंत्र पुटपुटत, आणि तिने हात परातीपुढे धरायचा. नागराज पोबालाच डसणार! अकरा जणी आल्या, हात धरला, सुटल्या. बारावी खामपून आजी. आजानांनी हातातला डबा खाली ठेवला आणि लाल दोरा बांधलेला दुसरा उचलला. "त्या डब्यातली पावडर संपली," ते म्हणाले.

आजीचा हात पुढे आला. भोपळ्याची जीभ लवलवली. पुढच्याच क्षणी त्याने आजीचा पंजा धरला आणि मनगटाला वेटोळं घातलं.

किंकाळ्या उठल्या. दोघे जण आजीला मागे खेचायला धावले.

"ओढू नका!" बुआलाई ओरडली. "त्याचे दात आत वळलेले असतात, हात फाटेल!" तिने देवापुढची दारूची बाटली उचलून भोपळ्याच्या जबड्यात धार धरली. भोपळ्याने तोंड वाकडं करून हात सोडला.

"सापडला!" आजान घुमू लागले. आवाज घोगरा झाला, म्हणजे आता नागराज बोलत होते. "ऊन कलायच्या आत पोबाने गाव सोडावं! घर मोडून टाका! आणि मला त्या घरात ठेवू नका. मला थावोनच्या आश्रमात न्या!"

नागराजाला आश्रमाचा पत्ता तोंडपाठ होता.

"सोमखितकाका, अहो, आई आहे ही माझी!" बुआलाईने गावप्रमुखांचे पाय धरले.

"मी काय करू, पोरी? देवानेच कौल दिलाय."

घरी रांजणापाशी बसून बुआलाई आईचा हात धूत होती आणि रडत होती. "आई, मी बोलायला हवं होतं गं. साप आहे, कात टाकतोय, एवढंच तर सांगायचं होतं."

"भोपळ्याच्या चावण्याचं काही नाही," आजी म्हणाली. "चार टोचे आहेत, भरतील. मला लागलं ते शेजारच्या चानपेनचं. तिची तिन्ही पोरं या हातांनी काढलीत. मघाशी मला बघून धाकट्याला पाठीशी घातलंन तिनं."

बुआलाईने तो हात गालाशी धरला आणि एकदम थबकली. पुन्हा हुंगला. मोगऱ्याच्या वासाखाली दुसराच वास होता. रोज तीस कोंबड्या साफ करणाऱ्या बाईचं नाक ते! वाळवून कुटलेलं कोंबडीचं काळीज.

"अगं बाई!" ती उठलीच. "काळीजखाऊ तर तो आजानच आहे!"

तिने कापडी हातमोज्यात वाफाळता चिकट भात ठासून भरला, पाचही बोटं टम्म फुगली. तो मोजा कोंबडी भाजायच्या बांबूच्या चिमट्यात धरून ती मंडपात पोचली, तेव्हा आजान नागराजाची अंडी सोलून खात होते. परात तिथेच होती.

"गुरुजी, एक शंका आहे. नागराज पोबालाच डसतात ना?"

"अर्थात!"

"मग हा हात बघा." तिने 'संपलेला' साधा डबा उघडला, त्यात अजून अर्धी पावडर होती; ती चोळून मोजा भोपळ्यापुढे धरला. भोपळ्याने जीभ लवलवली आणि मान फिरवली.

लोक सरसावून पुढे आले. आजान उठले, "ए बाई, विटाळ करू नकोस!" पण तोवर तिने लाल दोऱ्याचा डबा उघडून त्यातली पावडर मोज्यावर थापली होती. मोजा परातीपुढे गेला मात्र, भोपळ्याने झडप घालून भाताचा पंजा धरला आणि त्याला असं काही आवळलं की मनगटातून भात बाहेर आला.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "च्यायला, भात पोब निघाला की!" आणि मंडप हसण्याने फुटला.

"कात टाकायच्या आधी त्याला धूसर दिसतं," बुआलाई म्हणाली. "दहा दिवसांचा उपाशी. कोंबडीचा वास आला, समोर ऊब लागली, की धरणारच. यात पाप नाही आणि पुण्यही नाही. पटत नसेल तर गुरुजींनी लाल डब्यातली पावडर स्वतःच्या हाताला लावावी. तुम्ही तर शुद्ध आहात ना, गुरुजी? द्या हात!"

तिने डबा पुढे केला. आजानांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. ते सगळ्यांनी पाहिलं.

"नागराज... नागराज आत्ताच निघून गेले," ते म्हणाले. आवाज आता मुळीच घोगरा नव्हता. "आणि माझीही गाडी सुटेल."

ती त्यांनी नक्कीच पकडली असेल, कारण अर्धं गाव मागे लागलं होतं.

सोमखितकाका मान खाली घालून उभे होते. बुआलाई त्यांच्याकडे वळली. "काका, चूक माझीही आहे. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. पण तुम्ही सगळे विचारायचं सोडून साधू-साधू करत बसलात. पोब कालव्यात ढकलतो का हो? छातीत दुखलं तर दवाखाना आहे, गाडीवर बसायचं तर हेल्मेट आहे. एवढं केलं असतं तर दोघं आज इथे असते. आता आईला आरोग्य केंद्रात न्यायचंय, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला. कोण गाडी काढतंय?"

तिघांनी काढल्या.

संध्याकाळी चानपेन धाकट्याला कडेवर घेऊन दाराशी आली आणि मुसमुसत उभी राहिली. आजीने आधी पोराकडे पाहिलं. मग म्हणाली, "रडतेस काय? माझा हात बांधलाय. आत जा, भांडी पडलीत ती घास." चानपेन आत गेली. पोर आजीच्या मांडीवर बसलं.

चार दिवसांनी भोपळ्याने कात टाकली, डोळ्यांवरच्या टिकल्यांसकट अख्खी. बातमी कळताच सोमखितकाका सोडतीच्या तिकिटाचे पैसे हातात घेऊन हजर! आपल्याकडे वेगळं काही दिसलं की त्यावर पावडर चोळून सोडतीचा आकडा शोधतात, तसा त्यांनी शोधला. सवय काय एका दिवसात जाते?

"आजी, तुमची नजर चांगली आहे. दिसतो का काही आकडा?"

आजीने कात हातात घेतली, उजेडाकडे धरली, पार शेपटीपर्यंत पाहिली.

"दिसतो की. तीन."

"तीन? नक्की?"

"तीन माणसं गेली, सोमखित. चौथा आकडा माझा होता, तुम्ही सगळ्यांनी मिळून काढलेला."

काकांनी पैसे परत खिशात घातले. भोपळा नव्या चकचकीत कातड्यात टोपात पडला होता, त्याचे डोळे स्वच्छ झाले होते. त्याला बिचाऱ्याला फक्त नाक आहे, वास येईल तिकडे तो जातो. आपल्याला विचार करायला डोकं दिलंय, ते वापरायला हवं. नाहीतर पुढचा आजान येईलच, आणि तेव्हा हात कोणाच्याही आईचा असेल.